द्यूतसभेतील एक लाख दासी

महाभारताच्या सभापर्वातील द्यूताचा प्रसंग मराठी माणसाला मुद्दाम सांगावा लागत नाही. कीर्तनात तो ऐकलेला असतो, शाळेच्या संमेलनात पाहिलेला असतो, आणि १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर चाललेल्या मालिकेने तर तो घरोघर पोचविला. या प्रसंगाची आठवण निघाली की डोळ्यांपुढे उभी राहते ती केसांना धरून सभेत ओढून आणलेली द्रौपदी, माना खाली घातलेले पाच पांडव, आणि धर्माची गती सूक्ष्म असते असे सांगून मोकळे झालेले भीष्म. परंतु याच खेळात, द्रौपदीची पाळी येण्याच्या बऱ्याच आधी, आणखी एक डाव झाला होता. सुवर्णाने भरलेली पात्रे, रथ, हत्ती यांच्या जोडीने युधिष्ठिराने आपल्या एक लाख दासी पणाला लावल्या. त्या तरुण आहेत, सोन्याच्या अलंकारांनी सजलेल्या आहेत, नृत्यगायनात निपुण आहेत आणि राजाज्ञेने स्नातकांची, अमात्यांची व राजेलोकांची सेवा करतात, असे त्यांचे वर्णन त्यांचा धनी स्वतःच करतो. बाजारात माल मांडणारा आपल्या मालाचे करतो त्याच सुरात ते आहे. शकुनीने फासे टाकले, 'जिंकले' असे म्हटले, आणि खेळ पुढे सरकला.

या डावाला सभेत कोणीही हरकत घेतली नाही. पुढे विदुराने खेळ थांबविण्यासाठी कळकळीने विनवणी केली, तिच्यात कुलनाशाची चिंता आहे. दासींचा उल्लेख नाही. विदुर स्वतः एका दासीचा पुत्र होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्याचे हे मौन अधिकच बोलके वाटू लागते. लाखाचा आकडा अर्थातच महाकाव्याच्या प्रकृतीला साजेसा आहे. तो जनगणनेचा आकडा म्हणून कोणी वाचू नये. प्रश्न संख्येचा नाही. माणसे मालमत्तेच्या यादीत बसतात हे त्या सभेने गृहीत धरले होते, हा खरा मुद्दा आहे.

गेल्या काही दशकांत उपेक्षित स्त्रीपात्रांच्या बाजूने रामायण-महाभारत पुन्हा सांगण्याचा प्रयत्न भारताच्या जवळजवळ सर्व भाषांत झाला आहे. त्या प्रयत्नाचे मोल मोठे आहे. तथापि 'उपेक्षित' म्हणजे नेमके कोण, हे ठरविताना सभापर्वातील हा विसरलेला डाव डोळ्यांपुढे असणे आवश्यक आहे.

उर्मिलेपासून शूर्पणखेपर्यंत

ही पुनर्कथने म्हणजे अलीकडची टूम आहे असा एक समज दिसतो. तो खरा नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राचीन साहित्य' या रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निबंधसंग्रहात काव्यातील उपेक्षितांवर एक निबंध आहे. लक्ष्मणाची पत्नी उर्मिला हिला वाल्मीकींनी विवाहमंडपात क्षणभर दाखविले आणि नंतर अंतःपुरात बंद करून टाकले, याचे शल्य त्यात व्यक्त झाले आहे. पुढच्याच वर्षी महावीरप्रसाद द्विवेदी यांनी हिंदीत हाच विषय मांडला आणि त्या प्रेरणेतून मैथिलीशरण गुप्त यांचे 'साकेत' हे महाकाव्य आकाराला आले. म्हणजे उर्मिलेची दखल घेण्यास आधुनिक साहित्याने शंभर वर्षांपूर्वीच आरंभ केला होता.

महाराष्ट्रात तर याहूनही आधी एका स्त्रीने हा विषय धीटपणे हाताळला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. पतीचे प्राण परत आणण्यासाठी सावित्री यमाच्या दारापर्यंत गेली. पत्नीचे प्राण परत आणण्यासाठी त्या वाटेने कोणी पुरुष गेल्याचे ऐकिवात आहे काय, अशा आशयाचा त्यांचा सवाल आजही वाचकाला निरुत्तर करतो. सावित्रीला त्यांनी नाकारले नाही. तिची कथा त्यांनी पुरुषांपुढे हिशेबासाठी ठेवली.

त्यानंतरच्या काळात द्रौपदी वेगवेगळ्या कामी आली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ च्या 'कीचकवध' नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि सैरंध्रीच्या जागी पारतंत्र्यात पडलेला देश. सरकारलाही तो अर्थ कळला आणि नाटकावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) या दोन ग्रंथांनी मराठी वाचकाला महाभारतातील माणसांकडे माणसे म्हणून पाहावयास शिकविले. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ओरियात प्रतिभा राय यांनी 'याज्ञसेनी'मध्ये (१९८४) द्रौपदीला स्वतःची कथा सांगावयास लावले. तेलुगूत वोल्गा यांच्या 'विमुक्त' या कथासंग्रहात वनवासी सीतेची गाठ शूर्पणखा, अहल्या, रेणुका आणि उर्मिला यांच्याशी पडते. त्याला २०१५ चा अकादमी पुरस्कार लाभला. इंग्रजीत चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांच्या २००८ सालच्या 'द पॅलेस ऑफ इल्युजन्स'पासून तर या प्रकारच्या कादंबऱ्यांची रीघच लागली. कर्णाची पत्नी, सीतेची बहीण, रावणाची भगिनी अशा एकेक नायिका पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी मांडल्या जाऊ लागल्या.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या लेखनावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप श्रद्धेचा आहे. रामायण-महाभारत हे पवित्र ग्रंथ असून त्यांत फेरफार करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्याचे स्वरूप असते. परंतु हा अधिकार परंपरेने वेळोवेळी वापरला आहे. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त सीतेला धरणीच्या पोटात कायमचे जाऊ दिले नाही. राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवून आणले. त्याला कोणी पाखंडी म्हटले नाही. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणे रचली. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' वाल्मीकींच्या रामायणाचे भाषांतर नव्हे. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे कथा पुन्हा सांगितली म्हणूनच ती टिकली. असे असताना दिल्ली विद्यापीठाने २०११ साली ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक रूपांवरील निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळला, आणि २०२१ साली महाश्वेता देवींची 'द्रौपदी' ही कथा इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढली. अभ्यासक्रम बदलणे हा विद्यापीठाचा अधिकार आहे. परंतु विद्यार्थ्याला परंपरेचे वैपुल्य दिसू न देणे ही परंपरेची सेवा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो साहित्याचे जाणकारही घेतात. आजच्या स्त्रीचे विचार प्राचीन पात्रांच्या तोंडी घालणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होय, असे त्यांचे म्हणणे असते. पुष्कळ पुनर्कथनांच्या बाबतीत हा आक्षेप मान्य करावा लागतो. त्यांतील नायिका महाविद्यालयीन वादस्पर्धेतून थेट राजवाड्यात आल्यासारख्या वाटतात. तथापि या आक्षेपाला मूळ ग्रंथातच एक उत्तर आहे. सभापर्वात जो प्रश्न विचारला गेला, तो विसाव्या शतकातील कोणा लेखिकेने द्रौपदीच्या तोंडी घातलेला नाही. तो व्यासांच्या महाभारतातच आहे.

प्रश्न मालकीचा

दुर्योधनाचा निरोप घेऊन आलेल्या सूताला द्रौपदीने परत पाठविले, ते एक प्रश्न देऊन: राजा आधी स्वतःला हरला की आधी मला हरला? हा आक्रोश नव्हता. हा मालमत्तेच्या कायद्यातील काटेकोर प्रश्न होता. जो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा झाला, त्याला तिसऱ्या व्यक्तीवर मालकी सांगून ती पणाला लावता येते काय? भीष्मांना याचे उत्तर देता आले नाही. ज्याच्याजवळ स्वतःचे काही उरले नाही तो दुसऱ्याचे धन पणाला लावू शकत नाही, हे त्यांना मान्य होते. पण स्त्री पतीच्या अधीन असते, हेही त्यांना सोडवत नव्हते. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण याने मात्र उभे राहून, द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे कारणांसह सांगितले. त्याला कर्णाने गप्प बसविले.

'युगान्त'मध्ये इरावतीबाईंनी या प्रश्नाकडे भक्तिभावाने पाहिलेले नाही. द्रौपदीने हा प्रश्न विचारावयासच नको होता, असे त्यांचे परखड मत आहे. उत्तर कोणतेही आले असते तरी ते तिच्या हिताचे नव्हते. पतीचा हक्क अबाधित आहे असे ठरते तर ती दासी होणार. हक्क उरला नाही असे ठरते तर ती पतीपासून तुटणार. समाजशास्त्रज्ञाच्या या कठोर दृष्टीत तथ्य आहे. द्रौपदी ज्या कायद्याच्या आधाराने दाद मागत होती, त्या कायद्यातच तिला बाहेर पडण्याची वाट नव्हती.

मात्र त्या सभेतील सर्वांत स्पष्ट वाक्य द्रौपदीचेही नाही आणि भीष्मांचेही नाही. ते कर्णाचे आहे. दासाला आणि परतंत्र स्त्रीला स्वतःचे धन नसते, असे तो सभेला बजावतो. मनुस्मृतीतही भार्या, पुत्र व दास या तिघांना याच कारणाने एका ओळीत बसविले आहे. कर्णाचा हेतू दुष्ट होता. पण त्या व्यवस्थेचे वर्णन त्याने अचूक केले. राणी आणि दासी या जमाखर्चाच्या वहीत एकाच पानावर होत्या. फरक होता तो त्यांना पणाला लावण्याच्या क्रमाचा. दासींवरचा डाव आधी झाला, राणीवरचा शेवटी. ज्या सभेत एक लाख दासी निमूटपणे हरता येतात, त्या सभेत कोणतीही राणी सुरक्षित नसते.

आणि तरीही, त्या सभेत द्रौपदीच्या बाजूने जे जे बोलले गेले, त्याचा सूर एकच होता: ही दासी नव्हे. विदुराचा युक्तिवाद हाच, विकर्णाचाही हाच. अखेरीस धृतराष्ट्राने वर देऊ केले, तेव्हा द्रौपदीने पहिला वर मागितला तो युधिष्ठिराच्या मुक्ततेचा, म्हणजे आपल्या पुत्राला कोणी दासपुत्र म्हणू नये. दुसऱ्या वराने इतर चौघे पती सुटले. तिसरा वर तिने मागितला नाही. त्यानंतर धृतराष्ट्राने पांडवांना त्यांचे धन घेऊन परत जाण्यास सांगितले. त्या एक लाख स्त्रिया परत मिळालेल्या धनात मोजल्या गेल्या असतील. सुटका झालेल्यांत त्यांची गणना नाही. दासी कोण, याबद्दल सभेत वाद झाला. कोणी दासी का असावे, हा प्रश्न कोणालाही सुचला नाही. त्या काळात तो सुचणे कठीण होते, हे मान्य केले पाहिजे. आजच्या काळात पुनर्कथन करणाऱ्याला मात्र ही सबब उपलब्ध नाही.

सुदेष्णेच्या अंतःपुरात

महाभारताचे मोठेपण असे की त्याने द्रौपदीला हा धडा प्रत्यक्ष दिला. अज्ञातवासाच्या वर्षात ती विराटाची राणी सुदेष्णा हिच्या पदरी सैरंध्री म्हणून राहिली. इतरांची वेणीफणी करणे, उटणी वाटणे, हार गुंफणे हे तिचे काम. राणीचा भाऊ कीचक तिच्यामागे लागला. तेव्हा त्याचा हेतू ठाऊक असूनही सुदेष्णेने तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्या घरी पाठविले. आपली दासी कोठे पाठवावी हे राणीच्या अधिकारातले होते. द्रौपदी तेथून निसटून राजसभेत आली. कीचकाने भर सभेत तिला लाथ मारली. विराटाने, काय घडले ते आपल्याला माहीत नाही, असे म्हणून अंग काढून घेतले. आणि कंक नावाने तेथेच बसलेल्या युधिष्ठिराने तिला, राजांच्या द्यूतात व्यत्यय आणू नकोस, असे सांगितले.

पुन्हा सभा, पुन्हा फासे, पुन्हा मौन. फरक एवढाच की या वेळी ती दासी आहे की नाही याबद्दल सभेला शंका नव्हती, म्हणून वादही झाला नाही. या प्रसंगात एक स्त्रीच दुसऱ्या स्त्रीला संकटात लोटते, हे पुष्कळ पुनर्कथनांना अडचणीचे वाटते. स्त्रिया सगळ्या एका बाजूला आणि पुरुष सगळे दुसऱ्या बाजूला, अशी सोपी मांडणी येथे कोसळते. सुदेष्णा भावाच्या धाकात होती हे खरे, पण त्या धाकाची किंमत तिने स्वतः चुकविली नाही. ती आपल्या सेविकेकडून वसूल केली.

जळालेली निषादी

ही अडचण ज्यांनी टाळली नाही, त्यांत महाश्वेता देवींचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांची 'द्रौपदी' ही बंगाली कथा १९७८ मध्ये 'अग्निगर्भ' या संग्रहात आली. तिची नायिका दोपदी मेझेन ही संथाळ शेतमजूर बाई आहे. सैनिकांच्या अत्याचारानंतर ती वस्त्र पांघरण्यास नकार देते आणि तशीच अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहते. येथे कृष्ण वस्त्रे पुरवीत नाही आणि तिला त्यांची गरजही उरलेली नाही. भय वाटते ते अधिकाऱ्याला.

त्यांच्या कुरुक्षेत्रोत्तर कथांपैकी एक कुंती आणि निषादी यांची आहे. आदिपर्वात लाक्षागृहाला आग लागली त्या रात्री कुंतीने अन्नदान केले होते. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह तेथे जेवावयास आली, मद्य पिऊन तेथेच झोपली आणि जळून गेली. सकाळी सहा प्रेते सापडली; ती पांडवांची व कुंतीची, असे लोकांनी मानले. पांडवांचा जीव वाचला तो या सहा प्रेतांमुळे. मूळ ग्रंथ या घटनेवर फार रेंगाळत नाही. महाश्वेता देवींच्या कथेत वृद्ध कुंती वनात आपल्या साऱ्या पापांची मोकळ्या आवाजात कबुली देते. कर्णाला टाकल्याचे तिला आठवते. तेव्हा त्या जळालेल्या निषादीची सून तिच्यासमोर येते आणि खरे पातक तर तुझ्या आठवणीतच नाही, हे तिच्या लक्षात आणून देते. दुसऱ्या एका कथेत पायदळात मेलेल्या शेतकऱ्यांच्या पाच विधवा राजवाड्यात उत्तरेच्या सोबतीला आणल्या जातात. राजवाड्यातील वैधव्याच्या कल्पना त्यांना पटत नाहीत. तिसरी कथा आहे युयुत्सूच्या आईची. धृतराष्ट्राची सेवा करणारी आणि त्याच्या मुलाला जन्म देणारी ही वैश्य स्त्री मूळ महाभारतात जवळजवळ निनावी आहे. विदुराच्या आईलाही नाव नाही. अंबिकेने आपल्या जागी तिला व्यासांकडे पाठविले, एवढीच तिची ओळख.

'कर्णाच्या पत्नीला न्याय' आणि 'निषादीला न्याय' यांत हा फरक आहे. पहिल्या प्रकारच्या पुनर्कथनात राजवाड्यातील एक दालन उघडले जाते. दुसऱ्या प्रकारात राजवाडा कोणाच्या श्रमावर उभा होता आणि कोणाच्या प्रेतांवरून निसटला, हे दिसते. पुस्तकांच्या बाजारात पहिला प्रकार अधिक चालतो यात नवल नाही. खरेदीदाराला स्वतःला राणीच्या जागी कल्पिणे सोपे असते. सैरंध्रीच्या जागी कल्पिणे कठीण असते, आणि सुदेष्णेच्या जागी कल्पिणे तर अगदीच नकोसे.

जात्यावरचे रामायण

ज्यांना कोणी लेखिका लाभली नाही त्या स्त्रिया मुक्या होत्या, असे मात्र समजू नये. सोळाव्या शतकात पूर्व बंगालच्या मैमनसिंह भागात चंद्रावतीने सीतेच्या बाजूने रामायण रचले. त्यात रामाच्या पराक्रमाला फारसे स्थान नाही, म्हणून पंडितांनी ते अपुरे मानले. नवनीता देव सेन यांनी पुढे त्याचे महत्त्व दाखवून दिले. महाराष्ट्रात हेच काम पहाटेच्या अंधारात जात्यावर चालले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात पुण्याहून सुरू केलेल्या कामात गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या सर्वांसाठी खुल्या करण्यास प्रारंभ केला. दळणाच्या गिरण्या आल्या, घरोघरची जाती थांबली, आणि ओवीची निर्मिती तिच्या श्रमाबरोबरच आटत गेली. हे काम आणखी वीस वर्षे लांबते तर फारच थोडे हाती लागले असते.

या ओव्यांत सीतेला सासुरवास आहे. कैकेयी ही तिची छळणारी सासू आहे. सीतेकडून रावणाच्या अंगठ्याचे चित्र काढवून घेऊन बाकीचा रावण ती स्वतः पुरा करते, आणि त्या चित्राचा बोल सीतेवर येतो. सीतेने आपला सासुरवास जगातील साऱ्या सयांना वाटून दिला, अशी कल्पना ओव्यांत आढळते. दळण दळणाऱ्या बाईने राजकन्येला आपल्या शेजारी जात्यावर बसविले, म्हणजेच राणी आणि राबणारी बाई यांना एका पानावर आणले. कर्णाने सभेत जे तुच्छतेने केले, तेच येथे मायेने झाले. ताराबाई भवाळकर यांनी 'सीतायन'मध्ये या लोकपरंपरेतील सीतेचा सविस्तर वेध घेतला आहे. त्याच ओवीसंग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत, हे विसरता कामा नये. सीतेच्या दुःखात ज्यांना आपली पुरेशी ओळख सापडली नाही, त्या स्त्रियांनी त्याच छंदात आपला स्वतःचा नायक बसविला.

आजच्या सभेत

हा सारा ऊहापोह साहित्यापुरता राहिला असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु परतंत्र स्त्रीला धन नसते, हे वाक्य काव्यात राहिले नाही. ते समाजव्यवहारात उतरले. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन केले आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यामुळे मंत्रिपदाचा राजीनामा दिला, ही दोन टोके या एकाच वाक्याशी बांधलेली आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. द्रौपदीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर अशा रीतीने मिळाले, असे म्हणता येईल.

व्यवहारात ते अद्याप मिळावयाचे आहे. वडील गेल्यावर वारसनोंदीची वेळ आली की बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. जमिनीच्या तुकड्यासाठी माहेर तोडणार काय, असे विचारले जाते आणि सही होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतजमिनीची वहिवाट करणाऱ्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतात राबणाऱ्या हातांत ते किती असते, हे कोणत्याही बांधावर उभे राहिले तरी दिसते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत असल्याचे आढळले. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटांचा होता. या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात होत नाही.

हे झाले राणीच्या बाजूचे. दासीच्या बाजूचे काय? शहरातील मध्यमवर्गीय घरात धुणेभांडी, केरफरशी, पोळ्या करणारी बाई येते. त्याच घरात द्रौपदीवरील नवी कादंबरी आवडीने वाचली जाते, आणि वाचण्यासाठी लागणारा दुपारचा निवांत तास त्या बाईच्या श्रमातून निर्माण झालेला असतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु तिचा पगार, तिची रजा, तिच्या आजारपणातील खाडे, दिवाळीची रक्कम या गोष्टी बहुतेक घरांत आजही मालकिणीच्या मर्जीवर ठरतात. ही मालकीण दुष्ट असते असे नाही. पुष्कळदा ती स्वतःच नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीत पिचलेली असते. सुदेष्णाही सर्वस्वी स्वतंत्र नव्हती. पण आपल्यावरचा भार खाली सरकविण्याची सोय ज्या व्यवस्थेत असते, ती व्यवस्था त्यामुळेच टिकते.

म्हणून पुनर्कथनाची खरी कसोटी पात्राच्या नवेपणात शोधू नये. उर्मिलेनंतर मांडवी, मांडवीनंतर श्रुतकीर्ती अशी राजकन्यांची यादी पुरी करता येईल आणि तरीही सभा जशीच्या तशी राहील. द्रौपदीचा प्रश्न थोर होता. तो आणखी पुढे नेणे हे आजच्या लेखकाचे आणि वाचकाचेही काम आहे. मला हरण्याचा अधिकार कोणाला होता, असे ती विचारीत होती. तिच्या आधी हरलेल्या त्या लाखजणींविषयी हाच प्रश्न विचारावयाचा राहिला आहे. तो विचारण्यास फार दूर जावे लागत नाही. शाळेत सभापर्व शिकविताना, नोंदणी कार्यालयात बहिणीच्या सहीसाठी कागद पुढे सरकविताना, आणि महिन्याच्या एक तारखेला कामवाल्या बाईच्या हातावर पगार ठेवताना तो विचारता येतो.